चालू वस्तू बंद कोण करतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याची पत्रं आणि मेल वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. वस्तू बिघडली म्हणून लिहिणारे कमी आणि वस्तू धडधाकट असताना "आता ही चालायची नाही" असं कुणीतरी सांगितलं म्हणून लिहिणारे जास्त. त्यामुळे कुठला इअरफोन घेऊ, कुठलं घड्याळ घेऊ हे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत, खरेदीचे दोनच घेतलेत आणि तेही मला चिडायला निमित्त मिळतं म्हणून.

प्रश्न : आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सची डिझाइन्स. दोन कॉम्प्युटर, दोन्हीवर विंडोज १०. स्क्रीनवर सारखं येतंय की सपोर्ट संपला. हार्डवेअरवाला म्हणतो ही मशीन्स विंडोज ११ घेत नाहीत, दोन्ही बदला. सहाव्या जनरेशनचा आय फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलीय, कामाला काही त्रास नाही. काय करू? — डीटीपीवाला, कराड

बदलू नका दादा. निदान हार्डवेअरवाल्याच्या घाईने तर अजिबात नको.

तो खोटं बोलत नाहीये एवढं मान्य करू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टने जी अट घातलीय त्यात इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर चालतो, वर टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची सोय लागते. तुमच्या बोर्डात टीपीएम असेलही, बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद पडून असतं, पण सहावी जनरेशन यादीतच नाही म्हटल्यावर विषय संपला. गंमत बघा, विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे ज्या माणसाने २०१७ च्या सुरुवातीला हप्त्यावर नवाकोरा सातव्या जनरेशनचा कॉम्प्युटर घेतला त्याचं मशीन पाच वर्षं व्हायच्या आत पुढच्या विंडोजसाठी बाद. मशीनला काही झालेलं नाही, यादीत नाव नाही एवढंच. विंडोज १० ला दहा वर्षं अपडेट दिले हे खरं आणि त्याबद्दल मी कंपनीला नावं ठेवणार नाही, पण चालत्या मशीनला भंगाराची वाट दाखवायची आणि कारण सिक्युरिटीचं सांगायचं हे मला पटत नाही ते नाहीच.

आता उपाय. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" असं काहीतरी दिसत असेल, ते जादा सिक्युरिटी अपडेटसाठी आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्याचे ३० डॉलर आहेत पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर फुकट, आणि एका अकाउंटवर दहापर्यंत मशीन्स बसतात. म्हणजे पैशाऐवजी ते तुमचं अकाउंट मागतायत. दुकानाच्या कामाचं असं काय लपवायचंय, देऊन टाका.

इंटरनेटवरचे शहाणे तुम्हाला लगेच सांगतील की विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाका. मी स्वतः घरी लिनक्स मिंट वापरतो, ज्याचं काम ब्राउझर, मेल आणि बँक एवढंच आहे त्याला मी डोळे मिटून तेच सांगतो, पण तुम्हाला नाही सांगणार. तुमचं सगळं कोरल आणि पेजमेकरमध्ये, फॉन्ट श्रीलिपीचे, ते युनिकोड नाहीत म्हणजे दुसऱ्या फॉन्टमध्ये अक्षरांची खिचडी होते, आणि "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून "लहान मुलांचा आग्रह" पर्यंतचा सगळा मजकूर, कोपऱ्यातला गणपती, कलश, केळीचे खांब हे वीस वर्षांच्या फायलींमध्ये आहे. त्या फायली लिनक्सवर उघडायला बसलात तर लग्नसराई निघून जाईल.

आणि पेजमेकरवरून आठवलं म्हणून जरा बाजूला जातो. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, ते बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं, तरी महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यात अजून त्यात पत्रिका लागतायत. का लागतायत? कारण ते एकदा विकलं होतं, सीडी तुमच्या कपाटात, त्याला रोज सकाळी कंपनीला विचारावं लागत नाही की आज चालू का. त्याच ॲडोबीने २०१३ मध्ये ठरवलं की यापुढे नवीन फोटोशॉप-बिटोशॉप फक्त भाड्याने, महिना संपला, पैसे नाही भरले की दुकान बंद. लोक म्हणतात पेजमेकरवाले मागासलेले, मी म्हणतो यांच्याकडे निदान त्यांची हत्यारं त्यांच्या मालकीची आहेत.

असो. तुम्ही असं करा, एक मशीन नेटपासून तोडा, वायर काढा, वायफाय बंद, त्यावर फक्त डिझाइन आणि प्रिंट. दुसऱ्यावर ते जादा अपडेट घ्या आणि गिऱ्हाईकांचे फोटो, व्हॉट्सॲप, मेल सगळं त्यावर. मध्ये पेनड्राइव्ह, आणि तो नेटवाल्या मशीनवर स्कॅन केल्याशिवाय इकडे लावायचा नाही कारण शॉर्टकट व्हायरस अजून मेलेला नाही, डीटीपीवाल्यांना मी नव्याने काय सांगू. पुढेमागे बदलायचंच झालं तर नेटवालं एकच बदला आणि तेही कंपन्यांमधून निघालेलं आठव्या-नवव्या जनरेशनचं रिफर्बिश्ड बघा, नव्याच्या नादी लागू नका.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो की आयफोन जुना झाला की कंपनीच तो मुद्दाम हळू करते, नवा घ्यायला लावायला. मला हे व्हॉट्सॲपवरच्या गप्पांसारखं वाटतं. खरं काय? — निवृत्त शिक्षिका, नाशिक

बाई, मुलाला दहापैकी सहा मार्क द्या.

हळू केले होते हे शंभर टक्के खरं. २०१७ च्या सुरुवातीला ॲपलने एक अपडेट दिला, त्यात बॅटरी दमलेली असेल तर फोनचा वेग आपोआप कमी व्हायचा, आणि हे कुणाला सांगितलं नाही. लोकांनी जुन्या फोनचा वेग मोजून बघितला, बॅटरी बदलली की तोच फोन परत पळायला लागतो असं दिसलं, आरडाओरडा झाला, मग डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबूल केलं. कारण काय दिलं तर जुनी बॅटरी एकदम जास्त पॉवर देऊ शकत नाही, फोन पटकन बंद पडतो, ते टाळायला वेग कमी केला. आणि हे कारण तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, म्हणून मुलाचे चार मार्क कापले.

पण न सांगणं हा जो भाग आहे ना, तिथे माझं डोकं फिरतं. फोन हळू झाला तर सामान्य माणूस काय समजतो, की फोन म्हातारा झाला. तो दुकानात जातो आणि नवा घेऊन येतो. त्याला कुणी सांगितलंच नाही की बॅटरी बदल. गवगवा झाल्यावर ॲपलने बॅटरी बदलायचे ७९ डॉलरचे २९ केले, आपल्याकडेही काही महिने दर उतरवला, म्हणजे आधीही जमत होतंच की! फ्रान्सने २०२० मध्ये यासाठी अडीच कोटी युरोचा दंड लावला, अमेरिकेत राज्यांना ११ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले. कंपनीच्या कमाईपुढे हा चहापाण्याचा खर्च आहे, पण एक चांगलं झालं, त्यानंतर सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसायला लागली. तिथे ८० टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर आधी बॅटरी बदला आणि मग ठरवा नवा हवा का. अँड्रॉइडवाल्यांनाही हेच लागू.

युरोपात तर २० जून २०२५ पासून कायदाच लागू झालाय, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि बॅटरी ८०० वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता धरली पाहिजे. फोनच्या खोक्यावर फ्रिजसारखं लेबल, त्यात दुरुस्ती किती सोपी याची ग्रेड. आपल्याकडे २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती झाली, डिसेंबरात पोर्टल आलं, २०२५ मध्ये आणखी एका समितीने दुरुस्तीला गुण द्यायच्या पद्धतीचा अहवाल सरकारला दिला. पोर्टलवर कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स आणि फोन नंबर आहेत. नंबर माझ्याकडे आधीही होते.

प्रश्न : ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला, तीन वर्षं झाली. आता चालू केल्यावर आधी जाहिराती, मग गोल गोल फिरतं, वडिलांना सात वाजताची सिरीयल लावायची तर पावणेसातला बसावं लागतं. मेकॅनिक म्हणतो टीव्ही ठीक आहे, "सॉफ्टवेअर भारी झालंय". हे काय असतं? — बार्शी

मेकॅनिक हुशार आहे तुमचा, त्याला जपा.

स्वस्त टीव्हीचं पॅनेल चांगलं असतं, दहा वर्षं जाईल, पण आत जो कॉम्प्युटर बसवलेला असतो तो जेमतेम, एक-दीड जीबी रॅम, आठ जीबी जागा. घेतला तेव्हाची ॲप्स त्यात मावत होती, दर अपडेटला ॲप्स फुगत गेली, टीव्ही तेवढाच राहिला. कंपनीला याची चिंता का नाही, तर टीव्ही विकून फार सुटतच नाही आता, सुटतं ते विकल्यानंतर. अमेरिकेत विझिओ म्हणून टीव्हीची कंपनी आहे, तिने २०२१ मध्ये स्वतःच हिशेब जाहीर केला की टीव्ही विकून जेवढा नफा होतो त्याच्या दुपटीहून जास्त जाहिराती आणि डेटातून होतो. याच विझिओला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले होते, का तर एक कोटी दहा लाख टीव्हींवर लोक काय बघतायत ते न विचारता गोळा करत होते. पुढे वॉलमार्टने ती कंपनीच विकत घेतली, किराणा विकणाऱ्याला टीव्हीची कंपनी कशाला लागते याचा विचार करा म्हणजे कळेल. आपण आपल्या पैशाने, आपल्या भिंतीवर, आपल्या विजेवर चालणारं होर्डिंग लावून घेतलंय.

वडिलांसाठी लगेच करण्यासारखं : गूगल टीव्ही असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंटच्या आत "ॲप्स ओन्ली मोड" आहे तो चालू करा, होम स्क्रीनवरची शिफारशींची जत्रा जाते, व्हॉइस सर्च जाईल पण वडील बटणंच दाबत असतील. न वापरलेली ॲप्स काढा. काय बघता ते टिपणारं फीचर बंद करा, सॅमसंगमध्ये त्याला "व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस" म्हणतात, एलजीत "लाइव्ह प्लस", बाकीच्यांत प्रायव्हसीच्या पानावर शोधावं लागेल आणि ते मुद्दाम सातव्या पायरीवर ठेवलेलं असतं. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे टीव्हीचं वायफाय तोडून बाहेरून स्ट्रीमिंगची स्टिक लावा, तीन-चार हजारात काम होतं, जाहिराती त्यातही आहेतच पण निदान हळू झाली तर चार हजाराची वस्तू बदलायची, तीस हजाराची नाही. सिरीयलपुरतंच बघायचं असेल तर केबलचा सेट टॉप बॉक्स, त्याला तोड नाही, चालू केला की चालू.

प्रश्न : वीस हजारात फोन, १०८ मेगापिक्सेलवाला घेऊ की ५० वाला? — कॉलेजकुमार, अमरावती

कुठलाही. १०८ वाला नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून तुला १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो बहुतेक वेळा, आणि मागे जे आणखी दोन मेगापिक्सेलचे मॅक्रो-बिक्रो कॅमेरे असतात ते खोक्यावर "ट्रिपल कॅमेरा" छापता यावं म्हणून, फोटो काढायला नसतात.

तू दुकानात एकच विचार, सिक्युरिटी अपडेट कुठल्या तारखेपर्यंत? किती वर्षं असं विचारू नकोस, तारीख विचार. कारण वर्षं मोजतात ती फोन लाँच झाल्यापासून, तू घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये जो "तब्बल सहा हजारांनी स्वस्त" होतो ना तो दीड वर्षापूर्वीचा असतो, तीन वर्षांतली दीड त्याने गोदामात आणि शोकेसमध्येच काढलेली असतात. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं दिली, सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ ला सात दिली, म्हणजे जमत नाही असं काही नाही, महागड्या फोनला जमतं आणि वीस हजारवाल्याला जमत नाही एवढंच. दुकानदाराला तारीख माहीत नसेल, नसतेच, तर कंपनीच्या साइटवर शोध आणि तिथेही नसेल तर तो फोन सोड.

प्रश्न : एआयवालं नवीन गॅजेट, फोनऐवजी छातीला लावायचं, असं काही घ्यावं का? — ठाणे

नाही. ह्यूमेन नावाच्या कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये असाच पिन काढला, ६९९ डॉलर आणि वर दरमहा २४ डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीने कंपनीचा बराचसा भाग ११ कोटी ६० लाख डॉलरला घेतला आणि महिनाअखेरीस पिन बंद. वर्षसुद्धा नाही! नंतर फक्त बॅटरी किती उरलीय एवढं त्यातून कळणार होतं. पहिला वाढदिवस साजरा करेपर्यंत कुठलंही असलं यंत्र घ्यायचं नाही हा माझा नियम आहे, तुम्हीही पाळा.

प्रश्न : तुमचं सदर नियमित वाचतो. प्रत्येक उत्तरात नवीन घेऊ नका, जुनं वापरा. तुमच्यासारख्यांचं ऐकलं असतं तर आपण अजून ट्रंक कॉल बुक करत बसलो असतो. कंपन्यांनी आयुष्यभर फुकट सेवा द्यावी अशी अपेक्षा आहे का? — एक सडेतोड वाचक, सदाशिव पेठ, पुणे

पत्ता वाचून आनंद झाला.

काका, नवीनला माझा विरोध नाही. यूपीआय आलं तेव्हा मी पहिल्या आठवड्यात घेतलं, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या सिमसाठी रांगेतही उभा होतो. आणि आयुष्यभर फुकट कुणीच मागत नाहीये. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, दहा वर्षं जुन्या वस्तूसाठी माणसं बसवून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं इतकंच की विकताना तारीख सांगा, आणि सोडून देताना कुलूप काढून जा.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही खरी. स्पॉटिफायने गाडीत लावायचा एक छोटा स्क्रीन काढला, कार थिंग, आणि ९ डिसेंबर २०२४ ला सगळे बंद करून टाकले, चालू असलेले, आणि आधी लोकांना सांगितलं की ई-कचऱ्यात द्या. बोंबाबोंब झाल्यावर पैसे परत द्यायला लागले. दुसरं पेबल. स्मार्ट घड्याळाची कंपनी, २०१६ च्या शेवटी बुडाली, पण वापरणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन रेबल नावाने स्वतःची सेवा उभी केली, थोडी वर्गणी काढून ती घड्याळं चालू ठेवली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने, ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर फिटबिटमार्फत आलं होतं, ते सगळ्यांना खुलं करून टाकलं. गूगलचं काय बिघडलं? काहीच नाही. मूळ कंपनी बुडाल्यावर आठ वर्षांनी ती घड्याळं मनगटावर आहेत, आणि स्पॉटिफायसारखी श्रीमंत कंपनी जिवंत असून तिचा स्क्रीन कचऱ्यात. पैशाचा प्रश्न असता तर उलटं झालं असतं ना?

ट्रंक कॉलचं म्हणाल तर, तो काळा फोन अजून माझ्या काकांच्या घरी आहे, लाईन दिली तर वाजतो. पण ते जाऊ द्या, त्यावर वाद घालायला तुमच्याकडे चहाला येईन म्हणतो, बोलावणार नाही हे माहितीये.

प्रश्न : फोन चार्ज होत नव्हता म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला. ते म्हणाले बोर्ड बदलावा लागेल, ११ हजार. फोनच १६ हजाराचा आहे आणि वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली. बाजारातला रिपेअरवाला म्हणतो चार्जिंगची आयसी गेलीय, १२०० मध्ये करतो. कुणावर विश्वास ठेवू? — कोल्हापूर

दोघांवरही, कारण दोघंही खरं सांगतायत. सर्व्हिस सेंटरला कंपनी सुटी आयसी, म्हणजे बोर्डवरची छोटी चिप, देतच नाही, बोर्ड देते, म्हणून त्यांच्या लेखी बोर्डच गेला. बाजारातला मुलगा मायक्रोस्कोपखाली हॉट एअर गनने ती एक आयसी काढून दुसऱ्या मेलेल्या बोर्डवरची लावतो. याला चिप लेव्हल काम म्हणतात. कंपन्या याला "अनधिकृत" म्हणतात. वॉरंटी गेलेलीच आहे, तुमचं जाणार काय? फक्त आधी डेटाचा बॅकअप घेता येतो का बघा, कामाची किमान महिनाभराची गॅरंटी लिहून घ्या, आणि फोन उघडताना समोर उभे राहा.

सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीट, म्हणजे तक्रार नोंदवल्याचा कागद, मात्र घेऊन ठेवा, त्यावर दोष काय लिहिलाय ते वाचा, "चेकिंग चार्ज" लावला असेल तर पावती. वॉरंटी असताना हीच तक्रार घेऊन गेला होतात आणि "अपडेट मारलाय, बघा आता" म्हणून परत पाठवलं होतं असं असेल (तुम्ही पत्रात अर्धवट लिहिलंय) तर मग केस तुमची आहे, तेव्हाची जॉबशीट शोधा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. आणि बिलाचा आजच फोटो काढा, त्या थर्मल कागदावरची शाई उडून जाते आणि आयोगापुढे कोरा कागद घेऊन उभं राहिलेले लोक मी बघितलेत.